विमानातून येणारं पाणी

आमच्या घरी आंघोळीचं, धुण्याचं आणि भांड्यांचं पाणी लढाऊ विमानाच्या इंजिनातून यायचं. हे मी आज कुणाला सांगितलं की ऐकणारा हळूच माझ्या सुनेकडे बघतो, म्हाताऱ्या बाईंचं हे कधीपासून, अशा अर्थानं. सून बिचारी मान खाली घालते. घालू दे. पाणी इंजिनातूनच यायचं. पिण्याचं तेवढं आई विहिरीवरून वेगळं भरून ठेवायची, कारण तिचं म्हणणं, "त्या विमानात कोण कोण बसलं असेल, काय काय खाल्लं असेल, कुणी बघितलंय!" इंजिनात कुणी बसत नाही हे नानांनी तिला शंभरदा सांगितलं असेल. ती म्हणायची, "नसेल बसत. पण माझ्या घशाखाली घोट उतरत नाही त्याला मी काय करू?"

घर अंधेरीला, पूर्वेला, बैठ्या घरांच्या एका वाडीत. पुढे ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि मागे पत्र्याची पडवी. पडवीला लागून न्हाणीघर, त्याच्या पलीकडे वाडीची सामाईक विहीर. आजूबाजूला शेतं, भेंडीची झाडं, आणि डोक्यावरून सांताक्रूझला उतरणारी विमानं. विमान आलं की आम्ही बोलता बोलता थांबायचो आणि ते गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचो. पाहुण्यांना ते फार चमत्कारिक वाटायचं. आत्या, म्हणजे नानांची थोरली विधवा बहीण, जपाला बसली असली तरी माळेचा मणी बोटात धरून थांबायची. देवाला ऐकू गेलं नाही तर तेवढा जप फुकट जातो, असा तिचा हिशोब होता. मला वाटतं तिच्या डोक्यात नानांपेक्षा जास्त शास्त्र होतं, फक्त ते दुसरीकडे वळलेलं होतं.

माझे वडील, नाना, विमानतळाजवळच्या एका कारखान्यात फोरमन होते. तिथे लढाऊ विमानांची इंजिनं उघडायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा जोडायची. ही इंजिनं बारा सिलिंडरांची, सहा डावीकडे आणि सहा उजवीकडे, आणि पाण्यानं थंड होणारी. म्हणजे सिलिंडरांभोवती पोकळी असते, तिच्यातून पंप पाणी फिरवतो, पाणी तापतं, रेडिएटरमध्ये जाऊन निवतं आणि परत येतं. एवढं आमच्या घरात मांजरालासुद्धा ठाऊक होतं. पाणी फिरायचं थांबलं किंवा कमी पडलं तर ते जागच्या जागी उकळतं, आणि इंजिन हवेतल्या हवेत अडकून बसतं. "आणि वरून खाली यायला जिना नसतो," असं नाना म्हणायचे. त्यांचं दुखणं असं होतं की ओळीतला शेवटचा, सहावा सिलिंडर नेहमी जास्त तापायचा. पाणी त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत त्याचा दाब वाटेतच खर्च होऊन जायचा. कुठे होतो, का होतो, हे कुणी सांगू शकत नव्हतं. नाना सांगायला बघायचे, पण नाना पडले मॅट्रिक. डिग्रीवाले म्हणायचे, "सोहोनी, तुम्ही नट आवळा." हे वाक्य नाना घरी जेवताना, तोंडात घास असताना म्हणून दाखवायचे. रोज नाही, पण आमटी खारट झाली की हमखास.

मग एका रविवारी वाकोल्याच्या भंगारवाल्याकडे त्यांना त्याच इंजिनाचा निम्मा भाग सापडला. सहा सिलिंडरांचा एक अख्खा ठोकळा, वर्कशॉपनं बाद करून विकलेला. हातगाडीवर घालून, पाच माणसं लावून तो आमच्या पडवीत आला आणि आईच्या पापड वाळवायच्या चौथऱ्यावर स्थानापन्न झाला. न्हाणीघराच्या छपरावर नानांनी लोखंडी पिंप चढवलं. पिंपातून नळ खाली ठोकळ्यात, ठोकळ्याच्या दुसऱ्या टोकातून पाणी बाहेर हौदात. प्रत्येक सिलिंडराजवळ एक भोक, त्या भोकाला उभी काचेची नळी, अशा सहा नळ्या एका पांढऱ्या फळीवर बांधलेल्या. ज्या ठिकाणी दाब जास्त तिथे नळीतलं पाणी वर चढतं, कमी तिथे खाली. कॉक सोडला की सहा नळ्यांत पाणी पायऱ्यांसारखं उतरत जाई. नीट दिसावं म्हणून प्रत्येक नळीत कपड्यांना घालायच्या निळीचा एकेक थेंब. नळ्या बघून आकडे वहीत लिहायचं काम माझं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि माझं अक्षर घरात सगळ्यांत चांगलं होतं, नानांचं तर डॉक्टरांनासुद्धा लाज वाटावी असं.

पाणी वर चढवायचं काम परबकाकांचं. परबकाका शेजारच्या खोलीत राहायचे, मूळचे मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले. शिडीवरून कळशा घेऊन चढायचे आणि प्रत्येक कळशीला एक वाक्य टाकायचे. "नानानू, ह्यां विमान उडाचां नाय, माझो जीव मातर उडतलो!" पण एक दिवस चुकवला असेल तर शपथ. त्यांनी गावी पत्र लिहून कळवलं होतं की ते हल्ली विमानाच्या कामावर आहेत. खोटं काय होतं त्यात?

पाण्याचा एक नियम नानांना सापडला होता, म्हणजे तो जगाला आधीच सापडलेला होता, पण नानांनी तो आमच्या पडवीत स्वतः मोजून काढला: प्रवाह दुप्पट केला की दाब चौपट खर्च होतो. झालं! त्यानंतर घरातल्या प्रत्येक गोष्टीला तो लागू झाला. आई भरभर बोलायला लागली की नाना बोट वर करून म्हणायचे, "सुशीला, वेग दुप्पट, भांडण चौपट." पाहुणे वाढले की, "दोन आले तर चार शेर तांदूळ नाही लागत, आठ लागतो." हे गणित बरोबर नाही असं मी एकदा म्हटलं तर म्हणाले, "तू तुझ्या मामाला जेवताना बघितलेलं नाहीस." परवा माझ्या हृदयाच्या नळीत फुगा घालायचा ठरला तेव्हा तो पोरगेला डॉक्टर मला चित्र काढून समजवायला बसला. मी म्हटलं, "बाळा, अडथळ्याच्या अलीकडे दाब जास्त, पलीकडे कमी. पुढे बोल." तो पेन खिशात घालून निघून गेला.

त्या वर्षी कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी, ते पारशी होते, नानांना बोलावून सांगितलं की टेस्ट विभागात एक जागा निघते आहे. डिग्री नसली तरी चालेल, पण काहीतरी दाखव. दिवाळी झाली की मी स्वतः येऊन तुझा तो घरातला तमाशा बघतो. नाना घरी आले ते चप्पल पायात ठेवूनच माजघरात शिरले. आत्या ओरडली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. ती जागा म्हणजे नट आवळणं संपलं. त्या जागेवरचा माणूस इंजिन पास की नापास हे सांगतो आणि डिग्रीवाले त्याच्या सहीची वाट बघत बसतात. नानांना दुसरं काही नको होतं. आणि खरं सांगते, नानांना मिळावं यापलीकडे मलाही काही नको होतं.

आता खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली हत्यारं, अवजारं धुवायची, पुजायची, आणि त्यांना विश्रांती द्यायची. आमच्याकडे विळी, कोयता, अडकित्ता, आईचं शिवणयंत्र असं सगळं पाटावर मांडलं जायचं. आत्या नानांना म्हणाली, "अरे दत्तू, एवढं घरभर पाणी पाजणारं ते धूड, त्याची पूजा नको?" नाना कारखान्यातल्या पूजेला निघाले होते. म्हणाले, "करा, पण उघड्या तोंडाला कुणी हात लावायचा नाही." ठोकळ्याला नळ जिथून जोडायचा ते तोंड त्यांनी आदल्या दिवशी साफ करून उघडं ठेवलं होतं, आणि वर चिंध्यांचा बोळा कोंबला होता.

पूजा माझ्याकडे आली, कारण आत्याचे गुडघे चौथऱ्यावर चढत नव्हते. ती खालून हुकूम सोडत होती. "हळदकुंकू वाहा. फूल वाहा. आता विड्याच्या पानावर तांदूळ घाल आणि सुपारी मांड, आधी गणपती!" मूर्ती नसली की सुपारीलाच गणपती मानतात, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला माहीत. पण मांडू कुठे? तो ठोकळा सगळीकडून उतरता आणि खड्डेखुड्डे असलेला. सपाट आणि गोल अशी एकच जागा, ते तोंड. बोळा वर आलेला होता, त्यावर देव डुगडुगला असता. म्हणून मी बोळा काढला, तोंडावर पान आडवं ठेवलं, पानावर तांदूळ, तांदळावर सुपारी. छान बसली. आत्या खालून म्हणाली, "वा, सिंहासन मिळालं हो देवाला."

दसऱ्याच्या सकाळी मी पूजा उतरवायला गेले तर पान कोमेजून आत लोंबत होतं आणि सुपारी नव्हती. बोट घातलं, काही लागेना, तेव्हा बोळा परत कोंबून टाकला. आत्यानं स्वयंपाकघरातून विचारलं, "सुपारी काढलीस का गं?" मी म्हटलं, "हो, तुळशीत ठेवली." एवढंच बोलले. आयुष्यात मी पुढे बरीच मोठी खोटी बोलले, नवऱ्याशी, शाळेच्या मुख्याध्यापिकेशी, आयकराच्या माणसाशी. पण त्या तीन शब्दांइतका घाम मला कधी फुटला नाही. देव हरवला म्हणून आत्या काय करील आणि बोळा काढला म्हणून नाना काय करतील, या दोन्हींच्या मध्ये मी उभी होते.

मी मनाशी म्हटलं, नळ परत जोडून पाणी सोडलं की दुसऱ्या टोकानं बाहेर येईल. त्या दिवसापासून मी हौदाशी चहाची गाळणी घेऊन बसायला लागले. आई म्हणाली, "हे काय?" मी म्हटलं, "गंज येतो पाण्यातून." नानांनी माझं कौतुक केलं! पहिल्या दिवशी तांदळाचे दाणे आले, दुसऱ्या दिवशी झेंडूच्या पाकळ्या. मी त्या मुठीत दाबून मोगऱ्याच्या आळ्यात पुरल्या. सुपारी काही आली नाही. आणि तिसऱ्या दिवशी नानांनी कॉक नेहमीपेक्षा जास्त सोडला, तेव्हा ठोकळ्याच्या पोटातून आवाज आला. टक.

त्याबरोबर पहिल्या तीन नळ्यांतलं पाणी वर चढलं आणि पुढच्या तिन्हींतलं भसकन खाली बसलं. हौदात पडणारी धार निम्मी झाली. नानांनी कॉक बंद केला, पाणी थांबलं, आत काहीतरी हळूच गडगडलं. पुन्हा थोडा सोडला तर पायऱ्या व्यवस्थित. जास्त सोडला की एका ठराविक वेगाला टक, आणि नळ्या उलट्यापालट्या. मला त्याच क्षणी कळलं. सुपारी तळाशी पडून राहते, पाण्याला जोर आला की उचलली जाते आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मधल्या अरुंद वाटेत जाऊन बसते. पाणी ओसरलं की परत खाली. कळलं, आणि मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण नाना माझ्याकडे वळून बघत होते, आणि त्यांचा तसा चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता.

"कुमे," ते म्हणाले, "पाणी रुसतंय गं! एका वेगापुढे गेलं की रुसून बसतंय!"

मी तोंड मिटलं आणि आकडे वहीत लिहिले.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात जे सुख नांदलं ते आधी नव्हतं आणि नंतरही आलं नाही. नानांनी त्या वेगाला नाव दिलं, उंबरठा. उंबरठ्यापलीकडे पाण्यात भोवरे होतात आणि भोवरेच वाट अडवतात, असा त्यांचा सिद्धांत. म्हणून सहावा सिलिंडर तापतो. म्हणजे उपाय काय, तर पंपाची गती कमी करायची, पाणी उंबरठ्याच्या आत ठेवायचं. ते आंघोळ करताना गाऊ लागले. आमटी खारट झाली तरी दोन वाट्या प्यायले. संध्याकाळी जिलबी आणायचे. आईला म्हणायचे, "सुशीला, बोल हवं तेवढं भरभर." आई बावरून गप्पच झाली. वाडीतले लोक टक ऐकायला यायचे, ओळीनं उभे राहायचे, आणि टक झालं की टाळ्या वाजवायचे. परबकाका शिडीवरून म्हणायचे, "इला, इला! रुसलां बघ ता!" आत्याला मात्र तो आवाज पवित्र वाटायचा. का ते तिला सांगता येत नसे. ती नुसती हात जोडायची. माझी हालत अशी की हसू आणि रडू दोन्ही एकदम यायचं, आणि रोज सकाळी वहीत सुंदर अक्षरात मी सुपारीचे आकडे लिहायचे.

सांगायचं नव्हतं असं नाही. रोज ठरवायचे. पण रोज सकाळी नाना दाढी करताना आरशात स्वतःशी हसायचे, आणि मला वाटायचं, आजचा दिवस असू दे. मोठे साहेब येतील, बघतील, जातील, नानांना ती जागा मिळेल, मग कधीतरी सुपारी कुजून निघून जाईल. सुपारी कुजत नाही हे चौदाव्या वर्षी मला कुठे माहीत होतं?

दिवाळीनंतरच्या रविवारी मोठे साहेब आले. मोटार वाडीत शिरेना, म्हणून शेताच्या बांधावरून चालत, पांढऱ्या पँटला चिखल लावत आले. उंच, लांब नाकाचे, मोडकं मराठी ठणठणीत आवाजात बोलणारे. आईनं करंज्या, चिवडा पुढे केला, त्यांनी हातानं थांबवलं. "पहले काम." नानांनी नवा शर्ट घातला होता, त्यात खिशाला लावलेली टाचणी काढायची राहिली होती. परबकाकांनी पिंप काठोकाठ भरलं होतं. आत्या दारात, मी वही घेऊन फळीशी.

नानांनी कॉक सोडला. पायऱ्या. आणखी सोडला. टक.

"आ सूं छे?" साहेब ओरडले. "सोहोनी, परत कर!" नानांनी परत केलं. टक. साहेब चौथऱ्यावर चढले, नळ्यांना नाक लावून बसले, पुन्हा करायला लावलं, स्वतः कॉक फिरवला. चार वेळा, पाच वेळा. दरवेळी बरोबर त्याच जागी टक. मग त्यांनी वही मागितली. माझे तीन आठवड्यांचे आकडे पानापानांनी वाचले आणि म्हणाले, "हँडरायटिंग बहोत अच्छा." नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सोहोनी, ती जागा तुझी समज. आणि हे बघ, उद्यापासून टेस्ट बेंचवर पंपाची गती कमी करून घेऊ. मी आजच कागद लिहितो. ठीक निघालं तर सगळ्या इंजिनांना तसंच सांगू."

सगळ्या इंजिनांना. मी वर बघितलं. खरंच त्या वेळी एक विमान उतरत होतं आणि आम्ही सगळे सवयीनं गप्प झालो होतो. त्या गप्पपणात मला एकच दिसत होतं: पाणी कमी, मग उकळी, मग इंजिन अडकलेलं, आणि खाली यायला जिना नाही. एका सुपारीसाठी. विमान गेलं. सगळ्यांनी आपापल्या शब्दापासून सुरू करायच्या आधी मी म्हणाले, "साहेब, आत सुपारी आहे."

"सुपारी?" साहेब म्हणाले. "कसली सुपारी?"

"गणपतीची."

मी सगळं सांगितलं. पान, तांदूळ, बोळा, तुळस, गाळणी, सगळं. सांगताना नानांकडे बघायची माझी छाती झाली नाही, मी साहेबांच्या चिखलाच्या बुटांना सांगत होते. मग परबकाका शिडीवरून उतरले, वाडीतल्या चार बाप्यांना हाक मारली, नळ आणि काचेच्या नळ्या सोडवल्या आणि सगळ्यांनी मिळून ठोकळा उलटा केला. आत खडखड, खडखड. दोनदा हलवल्यावर ती बाहेर पडली, काळीभोर, फुगलेली, आणि घरंगळत जाऊन साहेबांच्या बुटाशी थांबली. साहेब वाकून उचलायला गेले तर आत्या जी किंचाळली!

"हात लावू नका! विसर्जन झालेलं नाही!"

साहेब वाकलेलेच राहिले. आत्या गुडघ्यांची पर्वा न करता चौथऱ्यावर चढली. तीन आठवडे देव आत बसून आहे, पूजेवाचून, नैवेद्यावाचून, आणि आपण त्याचं तीर्थ खरकट्या भांड्यांना वापरलं, असं ती मोठमोठ्यानं म्हणत होती, आणि मग तिला आठवलं की आंघोळीलाही तेच होतं, तेव्हा जरा शांत झाली. तिनं तिथेच ताम्हन मागवलं. सुपारीला गंध लागलं, फूल लागलं, आईच्या करंज्यांचा नैवेद्य दाखवला. आरती करायची तर उभं राहायला हवं, म्हणून सगळे उभे राहिले. साहेबांनी हॅट काढून काखेत धरली. घंटा वाजवायला कुणी पुढे होईना, ती आत्यानं नानांच्या हातात दिली. नाना वाजवत राहिले. टाळ्या वाजत होत्या, परबकाका सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होते, फळीवर सहा रिकाम्या नळ्या थरथरत होत्या, आणि नाना, टाचणी लावलेल्या नव्या शर्टात, समोर बघत घंटा वाजवत होते. आरती संपली तरी त्यांचा हात थांबला नाही. आईनं जाऊन घंटा काढून घेतली.

साहेबांनी मग दोन करंज्या खाल्ल्या. जाताना म्हणाले, "सोहोनी, छोकरीवर रागावू नको. मी सही करणार होतो." जागेबद्दल बोलले नाहीत. ती जागा पुढे एका डिग्रीवाल्याला मिळाली, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे वाट बघायला नको.

वाडी पांगली. आई आत गेली, आत्या सुपारी घेऊन विहिरीकडे. पडवीत नाना आणि मी. मला वाटलं मारतील. नानांनी कधी मारलं नव्हतं, पण त्या दिवशी मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते चौथऱ्याच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "टक झालं तेव्हाच कळलं होतं तुला?"

"हो."

"पहिल्याच दिवशी?"

"हो."

"मग?"

मी म्हटलं, "तुम्ही खूश होता, नाना." आणि मला जे रडू फुटलं ते आवरेना. माझं रडणं संपेपर्यंत नाना बसून राहिले, मध्ये एक विमानही गेलं. मग त्यांनी वही उघडून माझ्यापुढे ठेवली आणि पेन दिलं. "जे झालं ते लिही. आकड्यांच्या खाली. वही आहे ती, तिच्यात खोटं राहता कामा नये."

मी शेवटच्या आकड्याखाली लिहिलं: माझ्या हातून सुपारी आत पडली. मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. मी सांगितले नाही. कुमुद सोहोनी.

नानांनी ते वाचलं. दोनदा वाचलं. कारखान्यात एखाद्या इंजिनातून असा आवाज आला असता तर त्यांनी सिद्धांत मांडला नसता, पाना घेतला असता. हे त्यांना माहीत होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं, आज आहे. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्या नावाखाली, त्यांच्या त्या न लागणाऱ्या अक्षरात, सावकाश, मला वाचता यावं म्हणून एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं: मी उघडून पाहिले नाही. मीही खूश होतो. आणि सही केली.